पाच वजिरांची फाइल

संस्थेत त्यांना समोर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'शंकाबाई'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. ते कोणी ठेवलं आणि पहिल्यांदा कोणाच्या तोंडून बाहेर पडलं, याचाही त्यांनी छडा लावला होता. रागावून नव्हे. छडा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, एवढंच.

त्यांचं काम जागा वाटण्याचं. जमिनीची नव्हे, डिस्कवरची. संस्थेच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती. आत कपाटाएवढी यंत्रं रांगेने उभी, दिवसभर त्यांची घरघर, आणि गारवा असा की बाहेर उन्हाने डांबर वितळत असलं तरी शंकाबाई आत स्वेटर घालून बसलेल्या. कोणत्याही विभागाला माहिती साठवायला जागा हवी असली की छापील अर्ज भरून त्यांच्याकडे यावं लागे. अर्जात शेवटी एक रकाना होता: 'अंदाजे किती जागा लागेल?' शंकाबाई तो रकाना आधी वाचत आणि मग वर बघत.

पंधरा वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की ओळखली होती. माणूस कितीही शिकलेला असो, जागा मागताना तिप्पट मागतो. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या विभागाने एकदा मोठ्या तोंडाने जागा मागून घेतली आणि निम्म्या जागेत सिनेमे भरून ठेवले, ते बाईंनीच पकडलं होतं. तेव्हापासून त्यांचा नियम झाला की दुसऱ्याने सांगितलेला आकडा घ्यायचा नाही, आपला आपण काढायचा. खोलीच्या दाराशी नोंदवही ठेवायची पद्धतही त्यांचीच. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, सगळं सहीनिशी. खोलीचे प्रमुख साहेबसुद्धा सही केल्याशिवाय आत येत नसत. साहेब हसतमुख माणूस होते, कोणाला दुखवायचं नाही असा त्यांचा खाक्या. "बाई, सोडा हो," हे त्यांचं पालुपद.

अशा त्या खोलीत एके दिवशी सर आले. संस्थेतच गणित शिकवून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, हडकुळे, हातात कापडी पिशवी. त्यांनी अर्ज पुढे केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बुद्धिबळाच्या शेवटच्या टप्प्यातील डावांची कोष्टकं'. जागेच्या रकान्यात, 'अठरा टेराबाइट'.

शंकाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"खेळासाठी?"

"खेळासाठी नाही. खेळाच्या मोजणीसाठी," सर म्हणाले. "पटावर सगळ्या मिळून सातच सोंगट्या उरल्या, राजे धरून, की पुढे काय होणार हे आता ठरलेलं आहे. प्रत्येक स्थितीचं उत्तर काढून ठेवलंय लोकांनी. कोण जिंकणार, की बरोबरी, आणि किती खेळ्यांत. ती उत्तरं मला एकत्र हवीत."

"इंटरनेटवर दिसत नाहीत का?"

"दिसतात. एकेक स्थिती विचारली की एकेक उत्तर. मला सगळी लागतील. एका बाजूला एक प्यादं जास्त असूनही जिंकता येत नाही, असं किती वेळा होतं, ते मोजायचंय. एकेक विचारत बसलो तर माझी उरलेली वर्षं पुरायची नाहीत."

बोलणं सरळ होतं, आणि नेमकं तेच शंकाबाईंना खटकलं. माणसं जागा मागायला येतात तेव्हा इतकी सरळ बोलत नाहीत.

"अर्ज ठेवून जा," त्या म्हणाल्या. "आकडा मी काढते."

दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी वही उघडली. पटावर घरं चौसष्ट. एक सोंगटी चौसष्टपैकी कुठल्याही घरात बसू शकते. दुसरीही तशीच. सात सोंगट्या म्हणजे चौसष्टला चौसष्टने सात वेळा मांडून गुणायचं. उत्तर आलं चार लाख कोटींच्या वर. हे सात सोंगट्यांच्या एकाच जुळणीचं झालं, कोणत्या सात हे ठरलेलं धरून. अशा जुळण्या किती, ते सरांनीच अर्जाला जोडलेल्या कागदावर लिहिलं होतं: एक हजार एक. शिवाय खेळी कोणाची, पांढऱ्याची की काळ्याची, म्हणून दुप्पट. प्रत्येक उत्तराला एक बाइट धरला तरी आठ हजार आठशे टेराबाइट.

आणि म्हाताऱ्याने मागितले होते अठरा.

शंकाबाई खुर्चीत मागे टेकल्या. पंधरा वर्षांत तिप्पट मागणारे पाहिले होते, दहापट मागणारेही पाहिले होते. जवळजवळ पाचशेपट कमी मागणारा हा पहिलाच. त्यांचा संशय दुणावला. आधी बोट द्यायला लावायचं आणि मग हात धरायचा, असा हा डाव दिसत होता. एकदा आत शिरले की दर महिन्याला 'थोडी वाढवून द्या' म्हणत येणार.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली.

"तुमचा आकडा चुकलाय. की मुद्दाम कमी लिहिलात?"

सरांनी हिशेब वाचला. त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही, उलट चेहरा खुलला. "तुम्ही हातानं केलंत? बरं केलंत." त्यांनी पिशवीतून घडीचा पट काढला. "आता दोन राजे घ्या. ते शेजारी शेजारी उभे राहू शकत नाहीत. शिवाय प्यादी नसतील तर पट कसाही फिरवला, आरशात धरला, तरी डाव तोच राहतो. म्हणून पहिला राजा एका कोपऱ्यातल्या दहाच घरांत ठेवून बघायचा. बाकीची घरं ही त्या दहांचीच प्रतिबिंबं. दोन राजांच्या जागा तुम्ही चार हजार शहाण्णव धरल्यात. खऱ्या आहेत चारशे बासष्ट."

"खऱ्या आहेत हे कोण म्हणतं?"

"मोजून बघा की."

बाईंनी पट ठेवून घेतला, चांगला तीन दिवस. दुपारचा डबा संपला की त्या दोन राजे घेऊन बसत. पहिला राजा एका घरात, मग दुसरा कुठे कुठे उभा राहू शकतो ते एकेक घर बोटाने टेकवत. खोलीतले दोघे तंत्रज्ञ एकमेकांना कोपरखळ्या मारत. बाईंचं उत्तर आलं पाचशे चौसष्ट.

"एकशेदोनचा फरक पडतोय, सर," त्या म्हणाल्या. आवाजात विजय होता.

सरांनी त्यांची यादी तपासली. पहिल्या राजाच्या दहा घरांपैकी तिरक्या रेघेवरच्या चार घरांशी त्यांचं बोट थांबलं. "इथे पट या रेघेवर दुमडा. राजा जागचा हलत नाही, पण रेघेच्या या बाजूचं घर आणि त्या बाजूचं घर एकच होतं. तुम्ही दोन्ही मोजलीत."

बाईंनी दुमडून पाहिलं. खरोखर, मनात नव्हे, कागदावर पट काढून कागदच दुमडला. पाचशे चौसष्टमधून एकशेदोन गळले.

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द फार लोकांनी ऐकला नव्हता.

पुढचं भराभर समजत गेलं. दोन घोडे एकसारखे, त्यांची अदलाबदल केली तरी स्थिती तीच, म्हणून निम्मं. प्यादं पहिल्या आणि शेवटच्या ओळीत नसतं, म्हणून त्याला अठ्ठेचाळीसच घरं. आणि सगळ्यात मोठी बचत उत्तरांतच होती. एकच उत्तर लांबलचक ओळीने येत असलं तर ते परत परत कशाला लिहायचं?

"जिथे निकाल उघड आहे तिथे फाइल चिमुकली," सर म्हणाले. "जिथे झुंज आहे, उत्तर घरागणिक बदलतं, तिथे ती फुगते. फाइलचं वजन सोंगट्यांच्या ताकदीवर नसतं. डाव किती अडलेला आहे त्यावर असतं."

हे वाक्य बाईंनी वहीत उतरवून घेतलं. तरी परवानगी दिली ती टप्प्याटप्प्याने. आधी पाच सोंगट्यांपर्यंतचा संच आणा म्हणाल्या. तो एका गिगाबाइटला जेमतेम कमी भरला. मग सहांचा. तो दीडशेच्या आसपास. वाढ दीडशेपटीहून जास्त म्हटल्यावर सातांचा संच चोवीस टेराबाइटवर जाणार असा बाईंचा अंदाज होता, आणि सर अठरावर ठाम. सरांच्या एका जुन्या सहकाऱ्याने दुसऱ्या गावाहून खोक्यात भरून डिस्क पाठवल्या. खोलीतल्याच एका यंत्रावरून त्या आत उतरवायच्या होत्या. सर रोज सकाळी येत, नोंदवहीत सही करत आणि यंत्रापुढे बसत. बाई शेजारी वही घेऊन. एका रकान्यात त्यांचा अंदाज, दुसऱ्यात खरा आकार. पाच आठवडे हे चाललं. शेवटी एकूण भरलं अठरा पूर्णांक तीन. बाईंनी तडजोड म्हणून वीस मंजूर केले होते.

"तुम्ही जिंकलात," त्या म्हणाल्या.

"कसलं जिंकणं? शेवटच्या दोनशे फायलींचे तुमचे अंदाज माझ्यापेक्षा जवळचे आहेत." सरांनी वही परत दिली. "मला हे जमलं नसतं. तुमचा फायलींवर हात बसलाय."

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या जरा तरंगतच. मग जिन्यात त्यांच्या मनात आलं की माणूस उगीच स्तुती का करेल, आणि त्या जमिनीवर आल्या.

महिनाभराने एका शुक्रवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या जागा तपासल्या. सरांचा फोल्डर वीसला टेकला होता. आतमध्ये सहा नव्या फायली होत्या, प्रत्येकी पावणेतीनशे गिगाबाइटच्या आसपास. नावं बुद्धिबळाचीच. एकीत पाच वजीर विरुद्ध एकटा राजा, दुसरीत चार वजीर आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, असं पुढे, आणि प्रत्येक नावाच्या शेपटाला एक आकडा. उघडायला गेल्या तर कुलूप. प्रत्येक फाइल परवलीचा शब्द मागत होती.

म्हणजे शेवटी तेच. इतके दिवस पट काय, राजे काय, दुमडलेले कागद काय, आणि मागच्या दाराने घरचा पसारा आणून टाकला. बाईंना फसवलं गेल्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग 'बरं' म्हटल्याचा आला.

सर अकराला आले. खोलीत साहेब होते, दोघे तंत्रज्ञ होते. बाईंनी आवाज खाली आणला नाही.

"सर, या सहा फायली कसल्या?"

सरांनी पडद्यावरची नावं वाचली. ओठाच्या कोपऱ्यात हसू उमटलं, आणि ते काही बोलणार तोच बाई पुढे म्हणाल्या, "तुमचा फोल्डर, तुमची जागा. कामासाठी म्हणून मागून घ्यायची आणि घरचं सामान कोंबायचं, असली माणसं मी खूप पाहिलीत. तुम्ही त्यातले नसाल असं वाटलं होतं."

"त्या माझ्या नाहीत, बाई."

"सगळे हेच म्हणतात."

सरांचं हसू गेलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या वहीकडे. खिशातून खोलीत शिरायचं कार्ड काढलं, वहीवर ठेवलं आणि पिशवी उचलून बाहेर पडले. दाराशी थांबून बाहेर जाण्याची सही करायला मात्र विसरले नाहीत.

साहेब जवळ आले. "बाई, सोडा हो. म्हातारा माणूस. आता विषय वाढवू नका, वर कळवू नका. त्या फायलींचं मी बघतो."

रविवारी बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई रुग्णालयात परिचारिका होत्या, आता निवृत्त. भाजी निवडता निवडता त्यांनी धाकटीचं तोंड पाहिलं.

"दोन दिवस कोणावर डाफरते आहेस?"

बाईंनी सगळं सांगितलं. ताईंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून बाईंनी सरांचा तो घडीचा पट आणला. तो अजून त्यांच्याचकडे राहिला होता. त्यांनी वजिरांच्या जागी बटणं मांडली.

"हे पाच वजीर. सगळ्यात ताकदवान. आणि समोर हा एकटा राजा."

"समोर दुसरं कोणीच नाही?"

"नाही."

"मग यात विचारायचं काय उरलं?"

"काहीच नाही. म्हणून तर खरी फाइल एवढीशी. काही मेगाबाइट, फार तर. आणि याने त्याच नावाखाली पावणेतीनशे गिगा..."

"आणि हे त्या सरांना माहीत नव्हतं?"

बाईंचा हात बटणावरच राहिला.

माहीत नव्हतं कसं? त्यांनीच तर शिकवलं होतं. ज्याला लपवायचं होतं त्याने नावं निवडताना विचार केला असणार की मोठ्या सोंगट्या म्हणजे मोठी फाइल. भरपूर वजीर घातले म्हणजे कोणाला शंका यायची नाही. बुद्धिबळ कळणारा माणूस असं नाव ठेवणारच नाही. यादी वाचताना सर हसले होते ते याच कारणाने. आणि बाईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"मी गाढव आहे," बाई म्हणाल्या.

"ते असू दे. भाजी निवडायला ये."

सोमवारी बाई तासभर आधी पोचल्या. फायली गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास आत आल्या होत्या. कोणी टाकल्या ते नावानिशी दिसत नव्हतं, खोलीचं जे सामाईक खातं होतं त्यातून टाकलेल्या. मग त्यांनी नोंदवही उघडली. गुरुवारी सर आलेच नव्हते. दोघे तंत्रज्ञ दुपारी दुसऱ्या इमारतीत गेले होते, जातानाची सही होती. बाई स्वतः तीन ते चार बैठकीत. त्या वेळात आत एकच सही होती.

हे पाहायला त्यांना दोन मिनिटं लागली. शुक्रवारीही दोनच लागली असती.

तरी त्यांनी घाई केली नाही. एकदा घाई करून झाली होती. साहेब आले, चहा आला. बाई सहज म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? पाच वजीर एकीकडे आणि समोर नुसता राजा. अशी फाइल केवढी असेल हो?"

"मोठीच असणार," साहेब म्हणाले. "पाच वजीर म्हणजे काय थोडं झालं? सगळ्यात अवजड तीच."

"असं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? साधी गोष्ट आहे."

बाईंनी पान उलटून त्यांच्यापुढे धरलं. बाईंच्या अक्षरातला, मूळ फाइल उतरवतानाचा अंदाज, शेजारी खरा आकार, दोन्ही चिमूटभर. खाली नव्या फाइलचा आकार, तारीख, वेळ. त्याखाली नोंदवहीतली ओळ.

साहेबांनी चहाचा पेला ठेवला. मग म्हणाले, "मेव्हण्याच्या चित्रीकरणाच्या धंद्यातलं आहे. त्याची डिस्क गेली, थोडे दिवस ठेवतो म्हटलं. तुमच्या म्हाताऱ्याच्या फोल्डरमध्ये कोण बघतंय? मी आज काढून टाकतो. पंधरा वर्षं एकत्र काम केलंय आपण."

"शुक्रवारी तुम्ही इथेच उभे होतात," बाई म्हणाल्या. "मी त्यांना काय काय बोलले ते ऐकत."

बाईंनी ते पान आणि एक अर्ज संचालकांच्या कचेरीत नेऊन दिला. अर्ज पाच ओळींचा होता. त्यात साहेबांबद्दल तीन ओळी होत्या आणि 'मी चुकीच्या माणसावर आरोप केला' ही एक. संध्याकाळपर्यंत फायली नाहीशा झाल्या, पण आकडे कागदावर होते. दोन महिने चौकशी चालली. साहेबांची बदली झाली, फार लांब नाही, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात भेटले की ते अजूनही हसतात. बाईंना त्या हसण्याचा भरवसा वाटत नाही.

सरांकडे त्या त्याच आठवड्यात गेल्या. एकाच खोलीचं घर, भिंतीला पुस्तकं, खिडकीपाशी टेबल. सरांनी दार उघडलं, 'या' म्हणाले, खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं, काही न वगळता. माफी मागणं त्यांना सवयीचं नव्हतं, वाक्य दोनदा अडलं.

"संशय घेतलात त्याचं मला फार वाटलं नाही," सर म्हणाले. "तुम्ही घेताच. पहिल्या दिवसापासून घेतलात, मला ते आवडलं होतं. दोन राजांच्या जागा माझ्यावर विश्वास न ठेवता बोटानं मोजणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण शुक्रवारी तुम्ही मोजलं नाहीत. आकडा समोर होता, वही समोर होती, आणि तुम्ही माझं तोंड बघून ठरवलंत."

बाईंनी मान खाली घातली.

"पट आणलात का माझा?"

त्यांनी पट टेबलावर ठेवला. सरांनी उघडून सोंगट्या मोजल्या. बत्तीसच्या बत्तीस होत्या. मग चहा ठेवला.

पंधरा दिवसांनी ते परत खोलीत यायला लागले. पूर्वीसारख्या गप्पा मात्र लगेच जमल्या नाहीत. बाई काही विचारत, सर तेवढ्यापुरतं उत्तर देत. एका बाजूला प्यादं जास्त असून बरोबरी होते अशा स्थितींची मोजणी पुरी व्हायला दीड वर्ष गेलं. मध्ये एकदा सर आजारी पडले, तेव्हा यंत्र चालू आहे ना हे बघायचं काम बाईंनी केलं आणि रोजचा आकडा त्यांना फोनवर कळवला. ते आकडे ऐकता ऐकता सर परत मोकळं बोलू लागले.

निष्कर्ष एका छोट्या मासिकात छापून आले. अंक टपालाने बाईंच्या घरी आला. शेवटच्या पानावर आभार होते, त्यात 'साठवणीचा अंदाज बांधणाऱ्या आणि कोणताही आकडा तपासल्याशिवाय न स्वीकारणाऱ्या बाईंचे' असं लिहिलं होतं. ताईंनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. बाईंनी अंक हातात घेतला, चष्मा पुसला आणि आभाराचं पान सोडून पहिल्यापासून वाचायला बसल्या. अर्ध्या तासाने त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, मिळाला अंक. छान आलंय. पण तिसऱ्या पानावरच्या कोष्टकात दुसऱ्या ओळीत एक शून्य कमी पडलंय."

पलीकडून पानं चाळल्याचा आवाज आला.

"नसेल पडलं," सर म्हणाले.

"मोजून बघा की," बाई म्हणाल्या, आणि फोन कानाला धरून थांबल्या.